मॅडम, आम्ही तर तिला काहीच बोलत नाही

दिवाळी सरते, क्लासच्या टेस्ट सिरीज सुरू होतात आणि माझ्या खोलीत हे वाक्य येऊन बसतं. बोलणारे बदलतात. कधी उदगीरकडचे गुरुजी असतात, कधी जमीन बटईनं लावून लेकासाठी लातुरात खोली केलेलं जोडपं, कधी नवराबायको दोघंही डॉक्टर. वाक्य तेच असतं: "मॅडम, आम्ही तर तिला काहीच बोलत नाही. कसलंच प्रेशर नाही आमचं. तरी ती अशी का करायलीय?"

पंधरा वर्षं मी लातुरात समुपदेशन करते. ट्युशन एरिया माझ्या दारापासून दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारी मुलं आणि त्यांची घरं हेच माझं निम्म्याहून जास्त काम. या वाक्याबद्दल माझं मत पक्कं आहे. ते खरं असतं. हे आईवडील खरोखर काही बोलत नाहीत. आणि मुलाला नेमकं ते न बोललेलंच चोवीस तास ऐकू येत असतं. हे मला ज्या मायलेकींनी सगळ्यात स्वच्छ दाखवलं, त्यांच्याबद्दल आज लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. लिहायला दोघींनी आपणहून होकार दिला आहे.

डिसेंबर २०२४. मुलगी बारावीला. अकरावीत टेस्टला ७२० पैकी साडेपाचशेच्या पुढं असायची, आता सव्वाचारशेवर आलेली. पण आईला हे बरेच दिवस माहीतच नव्हतं. दर रविवारच्या टेस्टचे मार्क क्लासवाले आईच्या व्हॉट्सअॅपवर पाठवत आणि लेक ते मेसेज आईच्या आधी उघडून डिलीट करत असे. त्याच बिल्डिंगमधल्या दुसऱ्या एका आईनं जिन्यात सहज विचारलं, "या वेळी पेपर अवघड होता म्हणं, तुमचीला किती?" तेव्हा हे उघडं पडलं.

आई एकटीच आली होती. रडत नव्हती, चक्रावली होती. "मॅडम, मी एका शब्दानं रागावले असते तर समजू शकते. हिला आजवर हात लावला नाही. खोलीत टीव्ही आणला नाही. मी साधा फोन घेणार होते, क्लासचे मेसेज येतात म्हणून हा ठेवला. गावाकडं माझं शिवणकाम होतं, दोन मशीन होत्या, शाळेच्या गणवेशाची ऑर्डर असायची. सगळं बंद करून आले. धाकटा आजीजवळ आहे. त्याच्याकडंही बघत नाही मी. फक्त हिच्याकडं."

मी हे सगळं लिहून घेतलं. शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ मारली.

पुढच्या वेळी लेक आली. हुशार, नीटनेटकी, बोलायला घाबरणारी. पहिली वीस मिनिटं फक्त टाइमटेबल सांगत होती. मी विचारलं, "रात्री अभ्यासाला बसतेस तेव्हा खोली कशी असते? मला डोळ्यांपुढं आणून दे."

"टेबल भिंतीला लावलंय. मी भिंतीकडं तोंड करून बसते. मागं कॉट आहे, त्यावर मम्मी बसते."

"काय करते?"

"काहीच नाही. मी झोपेपर्यंत बसते. साडेबारा, एक. तिचा श्वास ऐकू येतो मला." मग जरा थांबून म्हणाली, "मला पान उलटायची भीती वाटते, मॅडम. लवकर उलटलं तर तिला वाटेल मी वाचलंच नाही. उशिरा उलटलं तर वाटेल लक्ष नाही."

एवढ्या वर्षांत दडपणाचं इतकं नेमकं वर्णन मी कुठं ऐकलं नव्हतं. या मुलीला एनसीईआरटीची बायोलॉजी तोंडपाठ होती. पण पान कधी उलटायचं हे ती आईच्या श्वासावरून ठरवत होती. टेस्टमध्येही तेच होत होतं. एखादा फिजिक्सचा प्रश्न अडला की तिला तो सोडवता येत नव्हता आणि सोडूनही देता येत नव्हता. सोडून देणं म्हणजे काहीतरी वाया घालवणं वाटायचं. पाच-सहा मिनिटं एकाच प्रश्नात जायची. पुढं जानेवारीत पर्यायी प्रश्न रद्द होऊन १८० प्रश्न, १८० मिनिटं असं स्वरूप आलं, तेव्हा तर प्रत्येक अडलेला प्रश्न पुढच्या पाच प्रश्नांचा वेळ खाऊ लागला.

मी ज्या विचारांत वाढले ते मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञांचे. घरातली माणसं भावनेनं एकमेकांत इतकी गुंतलेली असतात, की एकाची काळजी दुसऱ्याच्या अंगात उतरते, असं ते मांडतात. मला ते आपल्या अंगणातल्या दोरीसारखं वाटतं. सगळ्यांचे कपडे एकाच दोरीवर, एक ओढला की सगळे हलतात. म्हणून मुलाच्या एकाग्रतेची तक्रार घेऊन कुणी आलं, तर मी आधी मुलाला सोडून बाकी दोरी बघते. एकाग्रता वाढवायचे उपाय सांगणं सोपं असतं आणि पालकांना तेच हवं असतं. मी ते टाळते. दोरी तशीच ताणलेली राहिली तर ते उपाय पंधरा दिवसही टिकत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

तिसऱ्या वेळी दोघींना एकत्र बसवलं. बोलणं आईशीच सुरू केलं.

"ताई, ही सकाळी सातला क्लासला जाते, दुपारी येते. मधल्या वेळेत तुम्ही काय करता?"

"स्वयंपाक. धुणं. झाडलोट."

"ते किती वाजता उरकतं?"

"साडेनऊ-दहा."

"मग?"

"मग काय..." त्या अडखळल्या. "वाट बघते."

"कुणाची?"

"हिचीच की. दुसरं काय आहे मला इथं?"

लेक तोवर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिचा हात थांबला.

"हेच, मॅडम," ती म्हणाली. "मला मार्कांची भीती नाही वाटत. हिला इथं दुसरं काहीच नाही, याची वाटते. मला चारशे पडले की मम्मीचा अख्खा आठवडा चारशेचा होतो."

"अगं, पण मी तुझ्यासाठीच तर सगळं—"

"माहितीय. म्हणून तर मेसेज डिलीट करत होते."

खोलीत कुणीच बोललं नाही. अशी शांतता मोडायची नाही, हे मला शिकायला बरीच वर्षं लागली. आईचे डोळे भरले, पण त्या लेकीकडं बघत राहिल्या. मला वाटतं, त्या दोन वर्षांत पहिल्यांदाच पाठीकडून न बघता समोरून बघत होत्या.

मग लेक म्हणाली, "मम्मी, तुझी मशीन आण ना इथं."

"वेडी का? आवाज होतो मशीनचा. तुझा अभ्यास?"

"दहावीला त्याच आवाजात केला होता की. ९४ टक्के पडले होते."

आई रडता रडता हसल्या. मीही हसले. या कामात असे क्षण फार थोडे येतात. तो उपाय मी सुचवलेला नव्हता. मी फक्त एक साधा प्रश्न योग्य माणसाला विचारला होता, आणि त्याचं समाधान मला आजही आहे.

त्यानंतर मला जे कळलं ते मी प्रत्येक पालकाला सांगते. आधार द्यायला आलेला माणूस स्वतःच्या पायांवर उभा असावा लागतो. ही माउली आधार द्यायलाच आली होती, पण स्वतःचं काम, स्वतःची माणसं, स्वतःची कमाई सगळं मागं ठेवून आली, आणि नकळत तिचा सगळा भार सतरा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर आला. मुलं रागाचं दडपण सहन करतात, प्रसंगी उलटून बोलतात. त्यागाला उलट कसं बोलणार? त्याचं फक्त कर्ज होतं, आणि ते मार्कांतच फेडायचं असतं.

मशीन पिकअपमधून आली. आईंना एकच धास्ती होती: "लोक म्हणतील, पोरगी अभ्यास करतीय आणि ही शिवत बसलीय." पंधरा दिवसांत त्याच लोकांचे ब्लाउज आणि पिको-फॉलच्या साड्या खोलीत येऊन पडल्या. रात्री दहानंतर मशीन बंद आणि आई झोपायला, एवढंच आम्ही ठरवलं. लेकीनं तिला पाहिजे तेव्हा दिवा मालवायचा.

मार्क लगेच वाढले नाहीत. जानेवारीत आणखी दोनदा घसरले. पण एका रविवारी ती खोलीत शिरता शिरता म्हणाली, "मम्मी, ४१२." आईनं मशीन न थांबवता विचारलं, "फिजिक्स का?" "हो." आणि विषय संपला. आईंनी हे मला सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात या केसला पूर्ण मार्क देऊन टाकले.

वडील गावाकडं होते. रोज रात्री नऊला फोन करून विचारायचे, "कुठपर्यंत आलं?" ही खरं तर त्यांची काळजी होती, प्रश्न नव्हता. काळजी करणाऱ्या माणसाला "काळजी करू नका" म्हणून काही उपयोग होत नाही. त्याला खरं काम द्यावं लागतं. मी त्यांना कागदपत्रांची जबाबदारी दिली. निकालानंतर शासकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी सेलकडून भरल्या जातात, १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून, आणि त्यासाठी केंद्राच्या एमसीसीकडं, म्हणजे मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडं, वेगळी नोंदणी लागते. अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता ही प्रमाणपत्रं वेळेवर हातात नसतील तर चांगले मार्क असूनही जीव टांगणीला लागतो. जात वैधतेला तर वेळ लागतोच. वडील कामाला लागले. नऊच्या फोनवर ते आता आपल्या खेपांचं सांगू लागले आणि लेक ऐकू लागली.

तुलनेबद्दल इथंच सांगते, कारण या घरातही आतेभाऊ होताच. त्यानं २०२४ ला नीट दिली होती आणि त्याचे मार्क सगळ्या गोतावळ्याला पाठ होते. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्यांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला देशातले सर्वाधिक मार्कच ६८६. मग एका वर्षीचे मार्क दुसऱ्या वर्षीच्या मार्कांशेजारी ठेवून काय कळणार? तुलना करायचीच असेल तर रँकची करा, आणि तीही प्रवेशाचं गणित मांडायला, मुलासमोर नको. "क्वालिफाय झाली" यानंही हुरळून जाऊ नका. २०२५ ला सुमारे २२ लाख मुलांनी परीक्षा दिली, १२ लाखांहून जास्त पात्र ठरली, आणि एमबीबीएसच्या जागा देशभर मिळून सव्वा लाखाच्या आसपास होत्या. हे आकडे मुलांना पाठ असतात. आईवडिलांनाही ठाऊक आहेत हे मुलांना कळलं, की त्यांना मोठाच धीर येतो.

आणि "नाहीतर" हा शब्द जपून वापरा. "एमबीबीएस झालं पाहिजे, नाहीतर बीएएमएसला जावं लागेल." नीटच्याच मार्कांवर बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस आहे, आपल्या राज्यात फिजिओथेरपी आणि पशुवैद्यकही आहे. ही नावं घरात ऑक्टोबरपासून साध्या आवाजात घेतली गेली, तर जूनमध्ये ती शिक्षेसारखी वाटत नाहीत.

एक गोष्ट मात्र मशीननं किंवा गप्पांनी सुटत नाही. मूल जेवण सोडतंय, रात्र रात्र जागं राहतंय, "मी नसते तर तुमचे पैसे तरी वाचले असते" असं काही बोलतंय, तर परीक्षेची वाट बघू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडं न्या. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं. वर्ष गेलं तर जाऊ द्या.

४ मे २०२५, रविवार. पेपर दुपारी दोनला, दीड वाजता गेट बंद. लेकीनं आधीच सांगितलं होतं, "मम्मी, मला सोड आणि खोलीवर जा. तू उन्हात उभी आहेस हे डोक्यात घेऊन मला आत बसायचं नाही." आई गेल्या. इतर शेकडो आया झाडाच्या सावलीत पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या असताना गेल्या, हे किती अवघड असेल याची मला कल्पना आहे. संध्याकाळी लेक आली ती म्हणतच, "फिजिक्सनं जीव काढला." त्या वर्षी सगळ्यांचाच काढला होता. पाणी प्याली आणि तासभर स्वतःहून बोलत बसली.

जूनमध्ये निकाल लागला. शासकीय एमबीबीएसइतके मार्क नव्हते. मी त्या घराला एक नियम घालून दिला होता: निकालानंतर आठ दिवस "रिपीट" हा शब्द कुणीही काढायचा नाही. नीट कितीही वेळा देता येते, म्हणून तर हा निर्णय मुलानं आधी स्वतःशी करावा लागतो. या वर्षी मी वेगळं काय करणार, याचं उत्तर त्याच्याकडं असलं पाहिजे. आईवडिलांच्या डोळ्यांतली आशा हे ते उत्तर नव्हे.

आठ दिवस कुणी बोललं नाही. नवव्या दिवशी सकाळी लेक मशीनजवळ जाऊन बसली.

"मम्मी, मी रिपीट करते. पण लातूरला नाही. आपल्या घरी राहून, ऑनलाइन."

आईंनी दोरा दातानं तोडला. "मग मशीन परत न्यावी लागंल."

"त्याच गाडीत मी पण येते की," लेक म्हणाली.