अलक, लघुकथा आणि रघु

प्रश्न : शंभरेक शब्दांच्या विज्ञानकथा मैत्रिणीला सुचवायच्या आहेत. त्यांना 'विज्ञान अलक कथा' म्हणू की 'विज्ञान लघुकथा'?

'अलक कथा' कृपा करून नको. अलक म्हणजेच अति लघु कथा, त्यातला 'क' कथेचाच आहे. स्पर्धांच्या जाहिरातींतसुद्धा 'अलक कथा पाठवा' असं छापून येतं आणि जीव वैतागतो.

काही जाणकार 'अलक'चं नातं संस्कृतातल्या केसांच्या बटेशी जोडतात : बटेला टोकाशी वळण, तसं कथेलाही. हे ओढूनताणून आणलेलं आहे. तीन आद्याक्षरं जोडली आणि तयार झालेला शब्द योगायोगाने जुन्या शब्दासारखा दिसला, एवढंच. पण या व्युत्पत्तीने नुकसान केलं. शेवटच्या ओळीत धक्का नसेल तर ती अलकच नव्हे, असं लिहिणाऱ्यांना वाटू लागलं.

खरा ऐवज मधल्या 'ल'मध्ये आहे. लघु म्हणजे लहान, इथेच आपण थांबतो. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या समानार्थी शब्दकोशात, मात्र लघु हा शीघ्र, त्वरित, क्षिप्र, द्रुत यांच्या रांगेत बसलेला आहे! वेदातला 'रघु', म्हणजे वेगवान, हे त्याचंच रूप. कालिदासाच्या 'रघुवंशा'तला दिलीप राजा मुलाचं नाव रघु ठेवतो तेही शब्दाच्या मूळ धातूचा 'जाणे' हा अर्थ पाहून : हा विद्येच्या पार जाईल, युद्धात शत्रूंच्याही पार जाईल. आपलं 'हस्तलाघव' आठवा. त्यात हाताचा आकार नाही, चपळाई आहे. आणि आता गंमत बघा. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात लघुकचं 'लहुअ' होतं आणि अक्षरं उलटून 'हलुअ'ही होतं. आपलं 'हळू' त्याच घरातलं. एकाच मुळातून वेगही निघाला आणि सावकाशीही! माझ्या मते या कथाप्रकाराचं अख्खं शास्त्र यात आहे : लिहिताना रघु, वाचताना हळू.

समजा, कथा एवढीच आहे : 'पिंडाला शिवायला कावळा भाड्याने आणला. आजीच्या पिंडापुढेच त्याची बॅटरी संपली. सगळे म्हणाले, तिची काहीतरी इच्छा राहिली.' इथे भविष्यकाळ सांगितलेला नाही, कावळे नष्ट झाल्याचंही सांगितलेलं नाही. 'भाड्याने' आणि 'बॅटरी' या दोन शब्दांनी ते जग उभं केलं. ज्याला कावळा न शिवणं म्हणजे काय ते ठाऊक आहे, तो तिसऱ्या वाक्यावर थांबतोच. म्हणून 'एका मिनिटात वाचून होते' ही शिफारस मला पटत नाही. सूत्रातली अर्धी मात्रा कमी करता आली तरी व्याकरणकारांना पुत्रजन्माचा आनंद होतो म्हणतात. तो आनंद वाचकाला मिळायला एक मिनिट पुरत नाही.

राहिला तुमचा शब्द. 'लघुकथा' मराठीत फडके-खांडेकरांच्या काळापासून चांगल्या पानोपानी चालणाऱ्या कथेला रूढ आहे. पानभराहून छोट्या गोष्टीला लघुकथा म्हणणं ही हिंदीची रीत, तिथे मोठीला 'कहानी' हा वेगळा शब्द आहे. तेव्हा 'विज्ञान-अलक' लिहा, स्त्रीलिंगी चालवा, आणि एका वेळी एकच पाठवा.