जुन्या सायकलला इलेक्ट्रिक किट बसवायचंय, बजेट २० हजार. पैसे कशावर घालू?

बॅटरीवर. निम्मं बजेट तिथेच जाऊ द्या. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची घेतलीत तर ३६० वॅट-तास मिळतात. पायडल मारत गेलात तर किलोमीटरला साधारण १०-१२ वॅट-तास लागतात, म्हणजे ३० किमी जमतात. बीएमएस (बॅटरीला जास्त चार्ज होण्यापासून आणि शॉर्टपासून वाचवणारं सर्किट) नसलेला बॅटरी पॅक कितीही स्वस्त मिळाला तरी घरात आणू नका. चार्जरही जुळणारा हवा: ३६ व्होल्टच्या लिथियम-आयनला ४२ व्होल्टचा.

मोटर २५० वॅटची, मागच्या चाकातली पुरे. २५० वॅट आणि ताशी २५ किमीच्या आत राहिलात की नोंदणी, लायसन्स लागत नाही.

टॉर्क आर्म, म्हणजे चाकाचा अ‍ॅक्सल (आस) फिरू नये म्हणून त्याला फ्रेमशी धरून ठेवणारी पट्टी, मात्र विसरू नका. मी पहिल्या सायकलला तो लावला नव्हता. चढावर जोर दिला तसा अ‍ॅक्सल खाचेतच फिरला आणि मोटरची वायर पिळून तुटली, पार तांबं बाहेर! सायकलची फ्रेम लोखंडी असेल तर उत्तमच. डिस्प्ले साधा चालेल, पण ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हर घ्याच, आणि झिजलेले ब्रेक पॅड आधी बदला.