डीईए लावायच्या आधी शिक्षक मोज
बाबू, विद्यापीठांची कार्यक्षमता मोजायला तू डायरेक्ट सॉफ्टवेअरच उघडून राहिला, थांब ना जरा. डीईए म्हणजे डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, इनपुट (शिक्षक, पैसा) किती अन् त्यातून आउटपुट (शिकलेली पोरं) किती याची तुलना करणारी १९७८ ची पद्धत. ती प्रत्येक विद्यापीठाच्या इनपुट-आउटपुटला त्याच्या सोयीचं वेटेज देते, म्हणून इनपुट-आउटपुटच्या बेरजेच्या तिप्पट तरी विद्यापीठं घे, नाहीतर बहुतेक सगळेच १०० टक्के कार्यक्षम दिसतात. खरी मेहनत शिक्षकांच्या आकड्यात आहे. मंजूर पदं नको, भरलेली घे अन् तासिका तत्त्वावरचे पण मोज, मी एकदा ते सोडले तर अर्ध्या जागा रिकाम्या असलेला विभागच सगळ्यात कार्यक्षम निघाला, आणि तिथं एक मॅडम एकट्याच चार पेपर शिकवत होत्या, लय वाईट वाटलं. आपल्या नागपूर विद्यापीठासारख्या ठिकाणी संलग्न कॉलेजची पोरं आउटपुटमध्ये धरू नको, त्यांना शिकवणाऱ्यांचे पगार विद्यापीठाच्या बजेटात नसतात.