अथेन्सची मुलाम्याची नाणी ही सरकारी फसवणूक होती का?

तुम्ही विचारलंय की स्पार्टाविरुद्धच्या पेलोपोनेशियन युद्धात प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सने चांदीच्या नावाखाली तांब्याची नाणी खपवली, ही फसवणूकच ना, आणि अशी नाणी संग्रहात घ्यावीत का.

फसवणूक अजिबात नाही. जी गोष्ट भर नाट्यगृहात बोलली जाते ती लपवलेली कशी? इ.स.पू. 405 मध्ये विनोदी नाटककार अॅरिस्टोफेनिसने ‘बेडूक’ नाटकात कोरसच्या (गाणाऱ्या समूहाच्या) तोंडून सुनावलं की जुनी अस्सल नाणी सोडून आपण काल-परवा पाडलेली भिकार तांब्याची नाणी वापरतो, आणि चांगल्या नागरिकांनाही असंच बाजूला सारतो. अख्ख्या गावाला माहीत होतं. इलाजच नव्हता. इ.स.पू. 413 पासून स्पार्टाचं सैन्य अथेन्सजवळच्या डेकेलियाला ठाण मांडून होतं. त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडिस लिहितो की 20 हजारांहून जास्त गुलाम पळाले. अथेन्सच्या लॉरियन इथल्या खाणींतली चांदी बंद पडली. नाइकी या विजयदेवीच्या सोन्याच्या मूर्तीसुद्धा वितळवून नाणी पाडावी लागली. मग तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा मुलामा आला.

आमच्याकडे मोठे काका फक्त चांदी जमवतात. एका नाणे प्रदर्शनात एका टेबलावर अथेन्सचं घुबडाचं द्राख्म (एका बाजूला घुबड, दुसऱ्या बाजूला अथीना देवी असलेलं चांदीचं नाणं) होतं. अथीनाच्या गालावरची चांदी उडालेली, खाली तांबूस-काळा गाभा, कडेला हिरवा गंज. वजनकाट्यावर साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरलं. अस्सल द्राख्म 4.3 ग्रॅमचं. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "खोटं आहे, हात लावू नकोस." मी म्हटलं, काका, 1902 साली पिरेयसला, अथेन्सच्या बंदरात, अशाच मुलाम्याच्या नाण्यांचा साठा सापडला, तो याच युद्धकाळातला मानतात. ते ऐकायलाच तयार नाहीत. "तांबं ते तांबं," एवढंच. शिवराई तांब्याची म्हणून तिला कोणी कमी लेखतं का? तेही त्यांना विचारलं, तर विषयच बदलला. घरी जेवताना पुन्हा तेच.

काकांची खरी अडचण अशी की त्यांना नाण्यात धातूचा भाव दिसतो. मला त्यात त्या काळचा बाजार दिसतो. अॅरिस्टोफेनिसच्याच नंतरच्या एका नाटकात एक माणूस द्राक्षं विकून तोंडात तांब्याची नाणी भरतो (तिथे सुटे पैसे तोंडातच ठेवत) आणि जव घ्यायला बाजारात जातो. थैली पुढे करतो तोच दवंडी पिटते, यापुढे तांबं चालणार नाही, चांदीच. झळ बसली ती इथे, नाणी बंद करताना. फसवणूक म्हणायचीच असेल तर याला म्हणा. वितळवलेल्या देवीच्या मूर्तीपेक्षा मला त्या माणसाची रिकामी थैली जास्त सांगते.

आता घ्यावीत का? घ्या, बेलाशक. मात्र मुलाम्याचं प्रत्येक घुबड टांकसाळीतलं नसतं, बरीचशी त्या काळच्या ठगांची आहेत. म्हणून तर इ.स.पू. 375-74 च्या कायद्याप्रमाणे अथेन्सच्या बाजारात नाणी तपासणारा सरकारी तपासनीस बसायचा. गाभा तांब्याचा किंवा शिशाचा निघाला की तो नाण्यावर आडवा घाव घालायचा. असा घाव असेल तर नाणं बहुधा तपासलं गेलंय, एवढंच समजा. विक्रेता "नक्की युद्धकाळातलं" म्हणाला तर पुरावा मागा, नाही दिला तर ठगाच्या नाण्याचा भाव द्या. आणि पावती घ्या, शंभर वर्षांवरची नाणी आपल्या पुरावस्तू कायद्यात येतात.