मुलगी प्रार्थना करते, तरी रात्रीची भीती जात नाही. तिचा विश्वास आणि तिचं मन, दोन्ही कसं जपायचं?

तुमची नऊ वर्षांची मुलगी रात्री घाबरते. ‘देव सोबत आहे, प्रार्थना कर आणि झोप’ असं तुम्ही सांगता. आणि आता तिनेच विचारलंय, ‘मी प्रार्थना करते तरी भीती वाटतेच, मग देवाला माझी काळजी नाही का?’ तिचा विश्वास कमी पडतोय की आपली शिकवण, हा तुमचा प्रश्न.

मला दोन्ही वाटत नाही. मी चर्चच्या संडेस्कूलमध्ये (मुलांच्या रविवारच्या वर्गात) शिकवते आणि घरी दोन मुलं वाढवली आहेत, तेवढ्या अनुभवावर सांगते.

तिचा प्रश्न पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, जसाच्या तसा आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात वादळात तारू पाण्याने भरतंय, येशू मागे उशी घेऊन झोपलाय आणि शिष्य त्याला उठवून म्हणतात, आम्ही बुडतोय, तुम्हाला काळजी नाही का? म्हणजे तुमची मुलगी भलत्याच चांगल्या सोबतीत आहे. ही गोष्ट सांगताना आपण बहुतेक जण थेट येशूच्या ‘तुम्ही का घाबरता?’ या प्रश्नावर उडी मारतो. पण मार्कने दिलेला क्रम बघा. आधी येशू वारा शांत करतो, मग विचारतो. विश्वास कुठे गेला असं तो विचारतो, हे खरंच. पण ते बुडत असताना नाही. आपण मात्र अंधारात थरथरणाऱ्या पोराला आधी प्रश्न विचारतो.

म्हणून रात्री आधी तिच्याजवळ जाऊन बसा. ‘घाबरण्यासारखं काही नाही’ हे वाक्य गिळून टाका, कारण तिला भीती वाटतेय आणि ते तिला माहीत आहे. कशाची वाटते, कुठे जाणवते, पोटात की छातीत, असं हळू विचारा. भीतीला नाव मिळालं की मुलं बरीचशी सैल होतात. मग प्रार्थना, पण तिच्या शब्दांत: ‘देवा, मला अजून भीती वाटतेय, तू इथे थांब.’ एवढी पुरे. आणि दिवा हवा असेल तर राहू द्या. दिवा बंद करून विश्वासाची परीक्षा घेणारे आईबाप मी पाहिलेत, मला ते मुळीच पटत नाही.

प्रार्थना म्हणजे भीती बंद करायचं बटण, असा तिचा समज झालाय. तो बहुधा आपल्याच बोलण्यातून होतो. बटण दाबूनही दिवा विझला नाही तर मूल दोनच निष्कर्ष काढतं: देव नाही, किंवा मीच वाईट आहे. दुसरा जास्त घातक, कारण तो मूल कुणाला सांगत नाही.

यावर पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रांइतकं चांगलं औषध मला सापडलेलं नाही. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी तक्रारींची आहेत. तेरावं स्तोत्र सुरूच होतं ‘कोठवर?’ असं विचारत, आणि तू मला विसरलास का असं देवाला तोंडावर म्हणत. ते लहान आहे, सहा वचनांचं. तिच्यासोबत वाचा आणि तिची स्वतःची ‘कोठवर’ तिला लिहू द्या. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा म्हणून काही नाही. तरी ते शास्त्रात ठेवलंय. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना येशू रडला, हेही तिला ठाऊक असू द्या. ‘ख्रिस्ती मुलं रडत नाहीत’ छापाचं बोलणं मग आपोआप लटकं पडतं.

जुन्या करारातल्या एलीया संदेष्ट्याची गोष्टही माझी आवडती. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाल्यावर तोच माणूस जीव मुठीत धरून पळतो, झाडाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. खायला देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो. विचारपूस त्यानंतर, होरेब डोंगरावर. संध्याकाळी चिडचिड करणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा क्रम लावून बघा. निम्म्या वेळा ‘आध्यात्मिक’ वाटणारी अडचण अपुऱ्या झोपेची निघते.

एक गोष्ट मात्र आजच थांबवा, जर होत असेल तर: देवाचा धाक घालणं. ‘येशू बघतोय हं’, ‘असं केलंस तर देवाला तू आवडणार नाहीस.’ दिवसा ज्याच्या नजरेची भीती घातली, रात्री त्याच्याच सोबतीचा आधार तिला कसा वाटणार?

कौटुंबिक प्रार्थनेबद्दल फार ताण घेऊ नका. ती छोटी असावी आणि तिच्यात मुलाचे दोष देवाला ऐकवू नयेत (‘प्रभू, हिला आज्ञाधारक कर’ हे मूल नीट ऐकत असतं). जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवायच्या वेळा सांगितल्यात त्या घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना अशा. म्हणजे शाळेच्या वाटेवरच्या गप्पा त्यात मोजल्या जातात. नवराबायकोचं भांडण मिटल्याचं तिने पाहणं आणि ‘मी ओरडले, मला माफ कर’ हे आईच्या तोंडून ऐकणं, यातून क्षमा जितकी कळते तितकी वचन पाठ करून कळत नाही. पाठांतर वाईट नाही, फक्त ते शिक्षा म्हणून देऊ नका.

आता राहिलं डॉक्टरांचं. भीती आठवडेच्या आठवडे टिकली, झोप, खाणं, शाळा बिघडू लागली, अंग दुखण्याच्या तक्रारी वाढल्या, किंवा मरण्याचं बोलली, तर थांबू नका. बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांच्या समुपदेशकाकडे न्या. मरणाचं बोलणं झालं तर त्याच दिवशी. आणि अचानक एखाद्या माणसाची किंवा जागेची भीती वाटू लागली असेल, मग ती जागा चर्च का असेना, तर शांतपणे विचारा, सांगेल त्यावर विश्वास ठेवा आणि तिला तिथे पाठवू नका. मंडळीतलं कुणी ‘आधी उपास करा’ म्हणालं तर उपास तुम्ही करा, मुलीची वेळ मात्र घेऊन ठेवा. प्रेषित पौलाने आपल्या सोबत्याला, लूकला, ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय, हे अशा वेळी सांगायला बरं पडतं.