झाडाला काकवी येते काय?

प्रश्न: अक्का, मुलगा अमेरिकेत व्हर्मांटला असतो. त्याच्या घरामागं मेपलची चार मोठी झाडं आहेत. तिथले शेजारी झाडाला बादल्या लावून रस धरतात आणि घरीच सिरप करतात म्हणे. फेब्रुवारीत मी तिकडं जाणार आहे. मुलगा म्हणतो, आई आली की आपणही करू. सून म्हणते, झाडाला भोकं पाडली तर झाड मरेल. तिचं खरं काय? आणि येताना एखादं रोप आणून इथं लावलं तर?
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर: सुनेला आधी शाबासकी द्या. झाडाची काळजी करणारं माणूस घरात असलेलं बरं. पण नीट केलं तर झाड मरत नाही. तिथं एकेका झाडाचा रस पिढ्यान्‌पिढ्या काढतात. ही विद्याही तिथल्या मूळ रहिवाशांची, गोरे लोक यायच्या कितीतरी आधीची.

सुतळी घेऊन बुंध्याचा घेर मोजा. ३८ इंच, म्हणजे व्यास १२ इंच भरला तरच हात लावायचा. एका झाडाला एकच भोक. अगदी दांडगं झाड असलं तर दोन, पण त्याच्या पुढं हाव नको. कमरेएवढ्या उंचीवर ८ मिलिमीटरच्या ड्रिलनं दीड इंच खोल भोक पाडायचं, किंचित वरच्या अंगाला तिरकं, म्हणजे रस आपसूक बाहेर उतरतो. भुसा पांढरट निघाला तर लाकूड जिवंत. तपकिरी निघाला तर ती जागा सोडा. मग तोटी हलक्या हातानं ठोकून बसवायची. जोरात ठोकली की लाकूड चिरतं आणि रस तोटीच्या बाजूनं गळतो. हंगाम संपला की तोटी काढायची, भोक बुजवायचं नाही. झाड स्वतःच ते भरून काढतं. पुढच्या वर्षी जुन्या भोकापासून लांब, नवी जागा. एवढं सुनेला वाचून दाखवा.

झाडाची ओळख मुलाला पानं गळायच्या आत करून ठेवायला सांगा. कॅनडाच्या झेंड्यावर असतं तसं पान, दोन टोकांमधली कड गुळगुळीत, ते शुगर मेपल. कडेला करवतीसारखे दाते असले तर बहुधा रेड मेपल. देठ मोडल्यावर दूध आलं तर नॉर्वे मेपल. रस सगळ्यांचा चालतो, पण शुगर मेपलचा सगळ्यांत गोड.

गोड म्हणजे किती, ते ऐकून तुम्ही हसाल. माझं माहेर संकेश्वरकडचं, वडिलांचं गुऱ्हाळ होतं. लेकीकडं कॅनडात, ओंटारिओला, पहिल्यांदा बादलीतला रस वाटीत घेऊन प्याले तर नुसतं पाणी! जिभेवर कुठंतरी गोडाची शंका. उसाच्या रसात १८ ते २० टक्के साखर असते, मेपलच्या रसात जेमतेम २. तिथले लोक ८६ ला या टक्क्यानं भागतात, की एक लिटर सिरपला किती रस लागेल ते कळतं. म्हणजे ४३ लिटर. हाच हिशेब उसाला लावला तर साडेचार लिटरात एक लिटर काकवी. आमचा गुळव्या हे ऐकता तर काहील पालथी घालून घरी गेला असता. हंगामभरात एका भोकातून साधारण ४० लिटर रस मिळतो. चार झाडांचं मिळून तीन-चार लिटर सिरप, तेवढीच आशा ठेवा.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी बाहेर बर्फ, म्हणून मी पातेलं स्वयंपाकघरातल्या शेगडीवर चढवलं. ४० लिटरातलं ३९ लिटर पाणी घरातच उडालं. खिडक्यांवरून ओघळ, कपाटांची दारं चिकट, आणि मध्येच धुराचा भोंगा बोंबलायला लागला. लेक तेव्हापासून मला मार्च महिन्यात शेगडीजवळ फिरकू देत नाही. तेव्हा चूल अंगणात मांडा. उंच पातेल्यापेक्षा पसरट भांडं घ्या, काहिलीसारखं. शेवटचा लिटर-दीड लिटर तेवढा घरात आणा. फेस वर आला की लोण्याचा एक थेंब टाका. आपल्याकडं उकळत्या रसात तेल टाकतात, तेच हे.

दुसरी चूक मुरलेल्या माणसाची. वडील पाण्यात थेंब टाकून गोळी बघायचे, मीही गोळी बघत बसले. गोळी गुळाला लागते हो, काकवीला नाही! जावई म्हणाले, "आई, हा तर गूळ झाला." गूळच झाला होता, आणि चांगला झाला होता, पण धिरड्यावर ओतता येईना. सिरपला थर्मामीटर लागतो. त्या दिवशी तिथं साधं पाणी किती अंशाला उकळतं ते आधी बघा आणि त्याच्यावर ४ अंश सेल्सिअस आले की उतरवा. पाणी सगळीकडं १०० ला उकळत नाही. आपल्या बेळगावात, उंचीमुळं, ९७-९८ लाच उकळतं. पातळ राहिलं तर बुरशी धरते, जास्त आटलं तर बाटलीच्या तळाशी खडे बसतात. उतरवल्यावर गरम असतानाच जाड फेल्टमधून, म्हणजे नमद्यासारख्या दाट कापडातून, गाळा. मी मलमलीतून गाळलं, तर दाताखाली कचकच लागली. ती वाळू नव्हे, रसातलेच क्षार आटताना असे सुटतात.

रस दुधासारखा सांभाळायचा. थंडीत ठेवायचा, दोन-तीन दिवसांत उकळायचा. सकाळी बादलीत बर्फाचा पापुद्रा दिसला तर फेकून द्या. तो जवळजवळ नुसत्या पाण्याचा असतो, तेवढंच सरपण वाचतं. झाडाच्या कळ्या फुगायला लागल्या की मोह आवरा, त्यानंतरच्या सिरपला वंगाळ वास येतो.

रोपाचं मात्र मनातून काढून टाका. परदेशातलं रोप असं सामानात घालून आणताही येत नाही, पण ते राहू दे. रात्री पाणी गोठेल अशी थंडी आणि दिवसा ते वितळेल एवढं ऊन, हे आलटून पालटून झालं तरच मेपलचा रस वाहतो. रात्री फांद्या गोठतात, लाकडातली हवा आकसते, झाड मुळांतून पाणी वर ओढून घेतं. सकाळी बर्फ वितळला, हवा पुन्हा फुगली, की दाबानं रस भोकातून टपकतो. आपल्याकडं जानेवारीत दोन स्वेटर घातले तरी पाणी कुठं गोठतंय? झाड इथं जगलं तरी तोटी कोरडीच राहील.

आणि बाटली हातातल्या पिशवीत ठेवू नका. सिरप म्हणजे द्रवच, १०० मिलिलिटरच्या वर विमानात हाताशी नेऊ देत नाहीत. माझी अर्ध्या लिटरची बाटली तपासणीच्या टेबलावरच राहिली. दोन दिवसांची मेहनत होती त्यात.

प्रश्न: जांबोटीकडं आमच्या रानात भेर्ली माड आहेत. त्यांचा रस काढून गूळ करता येईल काय?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: होतो की. कन्नडात ज्याला बैने म्हणतात तेच हे झाड. पण याचा रस बुंध्यातून नव्हे, वर फुलोऱ्याचा दांडा कापून काढतात, आणि ते चढणं सरावाच्या माणसाचं काम आहे, तुम्ही स्वतः चढू नका. आपल्या उन्हात हा रस काही तासांतच आंबतो, म्हणून मडक्याला आतून चुना लावतात आणि उतरवल्या उतरवल्या चुलीवर चढवतात. आंबला की त्याची ताडी होते, आणि ताडी म्हटली की अबकारी खातं आलं. तेव्हा मडकं बांधायच्या आधी तिथं विचारून या.