गाडी वॉरंटीत, आपण रिक्षात

वाहन घेतल्यानंतरच्या अडचणींवर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी या वेळी एकाच विषयावरचे निवडले आहेत: गाडी वॉरंटीच्या दुरुस्तीसाठी अडकून पडली, तर तोवर दुसरी मिळते का?

प्रश्न : नवी ऑटोमॅटिक एसयूव्ही घेऊन चार महिने झाले. घोडबंदर रोडच्या गर्दीत गिअरबॉक्स तापल्याची सूचना येते, मग गाडी झटके देते. वागळे इस्टेटमधल्या सर्व्हिस सेंटरने गाडी ठेवून घेतली आहे आणि रोज ‘पार्ट येतोय’ एवढेच सांगतात. तोवर दुसरी गाडी मागितली तर ‘तशी पॉलिसी नाही’. कायद्याने त्यांना गाडी द्यावी लागते का? — एक वाचक, कासारवडवली

उत्तर : नाही. दुरुस्तीच्या काळात पर्यायी गाडी दिलीच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे नाही. उलट वॉरंटीच्या पुस्तिकेत, बहुधा बारीक अक्षरात, ‘गाडी वापरता न आल्याने झालेले नुकसान, गैरसोय, भाड्याच्या गाडीचा खर्च यांची जबाबदारी कंपनीवर नाही’ अशा अर्थाचे कलम असते. काउंटरवर जिला पॉलिसी म्हणतात ती हीच. विम्यातल्या रोजच्या भत्त्याच्या ॲड-ऑनवरही भिस्त ठेवू नका. ते अपघाताच्या क्लेमला जोडलेले असते, यांत्रिक बिघाडाला लागू होत नाही.

तरीही गाडी मिळते, पण ती मागायची कोणाकडे हे कळले तर. वॉरंटीच्या कामात डीलरला कंपनीकडून पार्टचे पैसे आणि ठरलेली मजुरी मिळते. तुम्हाला दिलेल्या गाडीची झीज आणि पेट्रोल त्यात धरलेले नसते. त्यामुळे सर्व्हिस ॲडव्हायझरशी वाद घालून फारसे हाती लागत नाही. निर्णय घेऊ शकतो तो कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर. कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार नोंदवून तिकीट नंबर घ्या, पुढचा प्रत्येक मेल त्याच नंबरावर पाठवा आणि डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला प्रत ठेवा. त्याआधी रोडसाइड असिस्टन्सची पुस्तिका काढून वाचा. गाडी रस्त्यात बंद पडून टो झाली असेल तर टॅक्सीचे भाडे किंवा काही दिवसांची बदली गाडी देणाऱ्या योजना आहेत, महागड्या ब्रँडमध्ये तर बऱ्याच. मात्र त्यासाठी टो करण्याचा फोन त्यांच्याच हेल्पलाइनवर केलेला असावा लागतो. गाडी स्वतः चालवत वर्कशॉपात नेली की तो हक्क बहुतेक वेळा तिथेच संपतो.

आता जॉब कार्ड, म्हणजे गाडी आत घेताना वर्कशॉपने तुमची तक्रार लिहून दिलेला कागद, काढून बघा. त्यावर ‘जनरल चेकअप’ लिहिले असेल तर दुरुस्त करून घ्या. ‘गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना वीसेक मिनिटांनी तापमानाची सूचना, त्यानंतर झटके’ असे तुमच्या शब्दांत यायला हवे. गाडी आत गेल्याची तारीख-वेळ, किलोमीटर आणि देण्याची अपेक्षित तारीखही हवी. जुने कार्ड बंद करून नवे उघडले तर रखडलेले दिवस पुन्हा शून्यापासून मोजले जातात. ते मान्य करू नका. दोष वर्कशॉपात दिसला नाही तर ‘दोष आढळला नाही’ लिहून गाडी परत मिळते. म्हणून टेक्निशियनला शेजारी बसवून संध्याकाळच्या गर्दीत गायमुखच्या चढापर्यंत नेऊन आणा. ड्राय क्लच असलेला ड्युअल-क्लच गिअरबॉक्स (तेलात न बुडवलेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक) सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर तापणारच नाही. क्लच अर्धवट लागलेला ठेवून गाडी रांगते तेव्हाच तो तापतो.

‘पार्ट येतोय’ याला उत्तर म्हणून तीन गोष्टी लेखी मागा: पार्ट नंबर, ऑर्डरची तारीख, आणि ती ऑर्डर व्हीओआर म्हणून टाकली आहे का. व्हीओआर म्हणजे गाडी रस्त्यावर येऊ शकत नाही अशी तातडीची ऑर्डर. साध्या साठ्याच्या ऑर्डरपेक्षा ती पुढे सरकते. गिअरबॉक्ससारखी मोठी असेंब्ली बदलायला कंपनीची पूर्वमंजुरी लागते. अनेकदा पार्ट नव्हे, ही मंजुरीच अडकलेली असते आणि ग्राहकाला मात्र पार्टचे कारण दिले जाते.

शेवटी सर्वांत उपयोगी प्रश्न, तोही मेलवर: ‘पार्ट येईपर्यंत ही गाडी चालवणे सुरक्षित आहे, असे लेखी द्याल का?’ दिले तर गाडी घरी आणा आणि पार्ट आल्यावरच सोडा. गाडी तिथे उभी ठेवून कोणाचाच फायदा नाही. नाही दिले, तर गाडी तुम्ही हौसेने सोडलेली नाही हे त्यांनीच कबूल केले. मग त्याच मेलमध्ये दोन पर्याय मागा: लहान असली तरी चालेल अशी गाडी, किंवा रोजच्या कॅबची बिले ठरलेल्या मर्यादेपर्यंत. आमच्या मते बिले बरी. डीलरकडची वापरून जीर्ण झालेली डेमो गाडी सांभाळण्याचा ताप त्यात नाही, आणि कंपनीला ती मंजूर करणेही सोपे जाते. ॲपवरच्या प्रत्येक फेरीची पावती मेलवर जमवत राहा. रिक्षाला दिलेल्या रोख पैशांचा पुरावा नंतर उभा करता येत नाही.

प्रश्न : तुर्भ्याच्या डीलरने मला डेमो गाडी देऊ केली आहे. सोबत दोन पानी फॉर्म आहे. काय पाहून सही करू? — एक वाचक, वाशी

उत्तर : आधी नंबर प्लेट पाहा. लाल प्लेटवर पांढरी अक्षरे असतील तर ती विक्रेत्याच्या ट्रेड सर्टिफिकेटवरची, नोंदणी न झालेली गाडी आहे. तिचा वापर ठरावीक कामांपुरताच चालतो. तुम्हाला ऑफिसला जाण्यासाठी ती नाही. घेऊ नका. पांढरी प्लेट, म्हणजे डीलरच्या नावावर नोंदलेली खासगी गाडी, चालेल. पण फुकट असेल तरच. खासगी गाडीसाठी ‘भाडे’ म्हणून पैसे घेतले आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळते. भाड्याचीच गाडी द्यायची असेल तर ती काळ्या प्लेटवर पिवळ्या अक्षरांची, सेल्फ-ड्राइव्हच्या परवान्याची असावी.

मग आरसी, सर्वसमावेशक विमा आणि पीयूसी यांच्या तारखा. फॉर्ममध्ये ‘झालेले सर्व नुकसान ग्राहक भरेल’ असे वाक्य असतेच. ते खोडून ‘विम्याच्या सक्तीच्या वजावटीपुरते’ असे लिहायला सांगा. खासगी गाडीला ही वजावट, म्हणजे क्लेममधला मालकाने स्वतः सोसायचा भाग, १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर २,००० रुपये असते. डीलर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्यास विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जाईल म्हणून कुरकुरेल. तिथे घासाघीस करावीच लागेल. घेताना आणि देताना, दोन्ही वेळा तारीख-वेळ लिहून घ्या, कारण ई-चलान मालकाच्या मोबाइलवर जाते आणि मधल्या दिवसांत गाडी कोणाकडे होती यावर नंतर वाद होतो. चारही बाजूंचे, चाकांचे आणि काचांचे फोटो, शिवाय किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा. फास्टॅग डीलरच्या खात्याला जोडलेला असतो, तेव्हा अटल सेतूचा टोल कोण भरणार ते आधी ठरवा. ऐरोली आणि वाशीच्या नाक्यांवर हलक्या वाहनांना १५ ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, तिथे हिशेबाचा प्रश्न येत नाही.

प्रश्न : माझी पिवळ्या प्लेटची टुरिस्ट टॅक्सी वॉरंटीत अडकली आहे. बदली गाडी मिळाली तर धंदा चालू ठेवता येईल का? — एक वाचक, कामोठे

उत्तर : धंदा नाही. परमिट गाडीच्या नंबरावर असते, मालकाच्या नावावर फिरत नाही. पांढऱ्या प्लेटच्या गाडीत भाडे घेतले तर दंड तुम्हालाच. तुम्ही कंपनीकडून बुडालेली कमाई मागू शकता, आणि त्यासाठी गेल्या काही महिन्यांचे ॲपचे किंवा बँकेचे हिशेब आत्ताच काढून ठेवा. ‘टॅक्सी म्हणजे व्यापारी वापर, ग्राहक कायदा लागू नाही’ असे कोणी सांगितले तर घाबरू नका. उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेले वाहन ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकाच्या व्याख्येत बसते. दहा गाड्या आणि दहा चालक असतील तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : तोच दोष तिसऱ्यांदा आला आहे. आता दुरुस्ती नको, गाडीच बदलून हवी. ग्राहक आयोगात जावे का? — एक वाचक, नेरूळ

उत्तर : जा, पण मागणी नीट मांडा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या खटल्यात, क्लचचा सदोष भाग बदलता येत असताना पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश टिकू दिला नाही. त्याऐवजी भरपाई दिली. कंपन्यांचे वकील हा निकाल आजही पुढे करतात. तेव्हा अर्जात पहिली मागणी बदली गाडी किंवा पैसे परत, ते न जमल्यास दोषाचे कायमचे निवारण, आणि त्याच्यासोबत स्वतंत्रपणे गाडी उभी राहिलेल्या दिवसांचा प्रवासखर्च. तिन्ही जॉब कार्डांवर तोच दोष तुमच्या शब्दांत असेल तर निम्मे काम झाले. उत्पादनातला दोष आहे की नाही, यावर आयोग तज्ज्ञाचा अहवाल मागवू शकतो.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मोठ्या कंपन्या तिथे बऱ्याचदा मऊ होतात. मग लेखी नोटीस. ५० लाखांपर्यंतच्या किमतीची गाडी जिल्हा आयोगाकडे जाते. फी ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि पुढे ५० लाखांपर्यंत १,०००. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग डीलर कुठलाही असो. कंपनी आणि डीलर दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आयोगाने प्रकरण तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढावे असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो, हे गृहीत धरून कॅबची बिले जपा.

प्रश्न : गाडी महिनाभर वर्कशॉपात होती. तेवढे दिवस वॉरंटी वाढते का? आणि हप्ता थांबवला तर? — एक वाचक, कळवा

उत्तर : आपोआप वाढत नाही. बदललेल्या पार्टलाही बहुधा मूळ वॉरंटीचा उरलेला काळच लागू होतो. मात्र गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी, सही करण्याआधी, मुदतवाढ किंवा एखादे वर्ष फुकट एक्स्टेंडेड वॉरंटी मागितली तर एरिया सर्व्हिस मॅनेजर ती देऊ शकतो. लेखी घ्या. हप्ता थांबवू नका. बँकेचा आणि डीलरचा करार वेगळा आहे, आणि बुडलेला हप्ता तुमच्याच सिबिलवर दिसेल.